कोअर किती आहेत तुमच्याकडे?

भोसरी एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मी हिशेब बघतो, चलनं बघतो, पावसाळ्यात पत्रा कुठे गळतोय तेही बघतो. पण माझं खरं पद निराळंच आहे. माझा मेव्हणा हिंजवडीत एका आयटी कंपनीत आहे हे मी एकदा चहा पिता पिता मालकांसमोर बोलून गेलो, आणि त्या दिवसापासून कारखान्यातले सगळे संगणक, प्रिंटर आणि एक कायम रुसलेला यूपीएस माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. मेव्हणा तिथे नक्की काय करतो ते मला माहीत नाही, त्याला तरी धड सांगता येईल की नाही शंका आहे. पण मालक तेव्हापासून मला नावाने हाक मारत नाहीत. "आयटी, जरा इकडे या," म्हणतात.

आमचा धंदा ब्रॅकेट, क्लिपा आणि वॉशरचा. पॉवर प्रेसखाली पत्रा सरकवायचा, ठोका पडला की पार्ट खाली, तो मोजून बिनमध्ये, बिन छोट्या हत्तीत आणि छोटा हत्ती चाकणला. पूर्वी बिनवर खडूने आकडा लिहिला तरी भागायचं. आता बारकोडचं स्टिकर नसेल तर गेटवरचा माणूस ड्रायव्हरकडे बघतसुद्धा नाही, आणि माल वेळेत पोचला नाही तर लाइन थांबल्याची डेबिट नोट आपल्या नावावर निघते. त्यात हा रस्ता. 1660 साली शाहिस्तेखानाला चाकणचा किल्ला घ्यायला जवळजवळ दोन महिने लागले, कारण आत फिरंगोजी नरसाळा होता. आता आत कोणी नाही, तरी तळेगाव चौकात तेवढेच लागतील असं वाटतं.

तर ही स्टिकरं ज्यातून निघतात तो डेटाबेस स्टोअरच्या कोपऱ्यातल्या संगणकात असतो. कुठल्या ब्रॅकेटचे किती नग, कुठल्या बॅचचा पत्रा, कुठल्या पी.ओ.वर किती गेले, सगळं त्यात. तो बसवून देणाऱ्या मुलाने मला पहिल्याच दिवशी समजावलं होतं, की काका, हा पोस्टग्रेस आहे, बर्कली विद्यापीठात 1986 मध्ये सुरू झालेल्या कामातून निघालेला, जगभर वापरतात आणि याला एक पैसा पडत नाही. पैसे पडतात ते त्यातले तक्ते उघडून बघायला, चुकलेला आकडा दुरुस्त करायला आणि बॅकअप घ्यायला जे 'मॅनेजर' नावाचं वेगळं सॉफ्टवेअर घेतलंय त्याला, आणि लायसन्स आहे ते त्याचं. गोदाम फुकट, खिडकीला भाडं. हे सगळं मी मान डोलावत ऐकलं. मान डोलावणं आणि समजणं यांचा माझ्या बाबतीत कधीच संबंध आलेला नाही.

आणखी एक सवय तुम्हाला म्हणून सांगतो. संगणकावर इंग्रजी मजकुराची चौकट आली की मी ती पूर्ण वाचत नाही. पहिले दोन शब्द वाचतो, दचकतो आणि ओके दाबतो. बँकेच्या फॉर्मवर, सोसायटीच्या ठरावावर आणि लग्नात भटजींनी विचारलं तेव्हाही मी हेच धोरण ठेवलं. अजून तरी कुणी परत बोलावून विचारलेलं नाही.

आमच्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बुधवारी शेवटची शिफ्ट सुटली की स्टोअरचे मामा सगळीकडे एक चक्कर मारतात, मेन स्विच खाली ओढतात, आणि तो वर जातो शुक्रवारी सकाळी. त्या शुक्रवारी मी नेहमीप्रमाणे संगणक चालू केला, उदबत्ती फिरवली, मॅनेजर उघडला. चौकट आली. 'लायसन्स इनव्हॅलिड' एवढं वाचलं, दचकलो, ओके दाबलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. त्या राहिल्या.

बाहेर छोटा हत्ती पाठ लावून उभा होता आणि ड्रायव्हर दर मिनिटाला हॉर्नवर हात ठेवत होता. अशा वेळी माणसाने निर्णय घ्यावा लागतो. मी घेतला. संगणकावर एक कागद चिकटवला: 'डेटाबेस बंद आहे. कोणीही हात लावू नये. आदेशावरून.' आदेश माझाच होता, पण खाली सही नसली की त्याला वजन येतं.

"साहेब, स्टिकरं?" मामांनी विचारलं.

"मामा, लायसन्स संपलंय."

"माझंपण मार्चमध्ये संपलं होतं," मामा म्हणाले. "मोशीला आरटीओत जाऊन आलो. फोटो काढतात, जरा केस विंचरून जा."

मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांना फोन लावला. पलीकडून आपला फोन किती मोलाचा आहे हे एक बाई पुनःपुन्हा सांगत होत्या आणि मधूनमधून बासरी वाजत होती. बासरी ऐकता ऐकता मला वडील आठवले. त्यांनी चेतक बुक केली तेव्हा ती आकुर्डीत, म्हणजे आमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर तयार होत होती, आणि तरी ती दारात यायला वर्षानुवर्षं लागली, कारण कारखान्याने किती स्कूटरी काढायच्या याचा परवाना दिल्लीहून यायचा. जास्त काढायच्या तर पुन्हा दिल्ली. 24 जुलै 1991 ला नवं औद्योगिक धोरण आलं, बहुतेक धंद्यांचे ते परवाने रद्द झाले आणि परवाना राज संपलं, असं आम्ही पेपरात वाचलं. संपलं कसलं. ते उठून आमच्या स्टोअरच्या कोपऱ्यात राहायला आलं.

"नमस्कार सर," पलीकडे एक उत्साही मुलगा आला. "नवीन लायसन्स हवंय? कोअर किती आहेत तुमच्याकडे?"

आता कोअर म्हटलं की भोसरीतल्या माणसाला एकच गोष्ट सुचते. "कोअर आमच्याकडे नसतात," मी म्हणालो. "ते फाउंड्रीवाले बनवतात. वाळूचे. आमचं सगळं शीट मेटल."

पलीकडे शांतता पसरली.

"सर, प्रोसेसरचे कोअर."

मग त्याने मला जे सांगितलं ते मी चलनाच्या पाठीमागे उतरवून घेतलं. मायक्रोसॉफ्टने 2012 च्या एसक्यूएल सर्व्हरपासून डेटाबेसचे पैसे कोअर मोजून घ्यायला सुरुवात केली. त्यात एका प्रोसेसरमागे निदान चार कोअर धरावे लागतात, आणि लायसन्स मिळतं ते दोन-दोनच्या जोडीत. ते नको असेल तर सर्व्हरचे वेगळे आणि त्याला जोडणाऱ्या प्रत्येक माणसाचे किंवा यंत्राचे वेगळे, असाही एक मार्ग आहे. ओरॅकलचा हिशेब निराळा, तिथे इंटेलचा एक कोअर अर्धा धरतात. मी इतकी वर्षं स्क्रॅपचा हिशेब करतोय, किलोत येतो आणि नगात जातो, पण अर्धा मेंदू धरून पूर्ण बिल करायची कल्पना मला सुचली नव्हती. माझा पगारही त्याच सूत्राने काढतात की काय, असंही एकदा वाटून गेलं.

"पण सर, तुमचा डेटाबेस कुठला?"

"पोस्टग्रेस."

"मग याला कोअर लागतच नाहीत, सर. तुम्हाला नुसतं मॅनेजरचं पाहिजे. वापरणारी माणसं किती?"

"मीच."

"मग एक," तो म्हणाला. त्या 'एक'मध्ये थोडी करुणा होती.

पैसे मालकांच्या कार्डावरून भरायचे होते आणि मालक चाकणला एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या क्वालिटी मीटिंगमध्ये बसले होते. जाताना ते दुसऱ्याच्या गाडीतून गेले होते, त्यांची स्वतःची गाडी आमच्या शेडसमोर आणि तिची चावी माझ्या टेबलावर. हा तपशील लक्षात ठेवा. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर गेला, मी फोन केला, आणि समोर चार क्वालिटीवाले आमच्या ब्रॅकेटची बर मोजत असताना मालकांनी तो आकडा खणखणीत आवाजात वाचून दाखवला. मागून कुणीतरी "हे कुठलं मेजरमेंट?" असं विचारलेलं मला ऐकू आलं.

ईमेल आली. लायसन्सची किल्ली म्हणजे अक्षरं आणि आकडे यांची एक लांबच लांब मालगाडी. आमच्या स्टोअरच्या संगणकाला इंटरनेट नाही. कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून गाण्यांबरोबर व्हायरस आल्यापासून मालकांनी ते तोडूनच टाकलंय. तेव्हा ईमेल ऑफिसात छापायची आणि स्टोअरमध्ये बसून टाइप करायची. आमच्या प्रिंटरची शाई अशी, की शून्य आणि ओ, एक आणि आय, पाच आणि एस यांच्यातला फरक तो मानतच नाही. मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्यांत म्हणे हा त्रास ओळखून मुळात 24 चिन्हंच घेतली होती: ना ए, ई, आय, ओ, यू, ना शून्य, ना एक, ना पाच. आमच्या किल्लीत हे सगळे पाहुणे सहकुटुंब आले होते. मी शून्याच्या जागी ओ घालून पाहिला, ओच्या जागी शून्य, मग दोन्हीकडे शून्य, मग चष्मा पुसला. शेवटी अकाउंटच्या मॅडमनी येऊन मागे उभ्या राहत विचारलं, "कॅप्स लॉक?"

किल्ली बसली. मग सॉफ्टवेअर म्हणालं, आता इंटरनेट द्या. मी माझा मोबाइल वायरने संगणकाला जोडून त्याचं नेट दिलं. 'सुरक्षित जोडणी होऊ शकली नाही,' अशा अर्थाचं काहीतरी आलं. मी रेंजला दोष दिला, मोबाइल खिडकीत ठेवला, मग संगणकच खिडकीशी ओढला. शेजारच्या शेडमधला एक जण डोकावून गेला. त्यांच्याकडे हेच सॉफ्टवेअर कुणीतरी कुठूनतरी आणलेलं आहे, लायसन्स बियसन्स काही नाही, आणि ते गेली कित्येक वर्षं बिनतक्रार चालतंय. "काय झालं हो?" त्याने विचारलं. "विकत घेतलंय ना," मी म्हणालो. त्याने हळहळून मान हलवली.

शेवटी उरला तो फोनचा मार्ग. पडद्यावर आपल्या यंत्राचा एक कोड येतो, तो पलीकडच्याला वाचून दाखवायचा, त्याने उलटा कोड द्यायचा. मी कोड कागदावर उतरवला, मोबाइल वायरीतून काढून कानाला लावला आणि वाचायला बसलो. पलीकडचा इंजिनिअर हिंदीत बोलत होता आणि त्याचं गाव इथलं नव्हतं. विमानवाल्यांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही पद्धत 1956 पासून जगभर चालू आहे, पण ती पिंपरी-चिंचवडपर्यंत आलेली नाही.

"सी," मी म्हणालो. "सी फॉर चिंचवड."

"ओके सर."

"पुन्हा सी. सी फॉर चाकण."

"सर, ये वाला सी और वो वाला सी एकही है ना?"

"आपके लिए एक होगा," मी म्हणालो. चाकण आणि चिंचवड एक आहे म्हणणारा माणूस कधी बसने गेलेला नसतो.

"आगे?"

"एफ. एफ फॉर फुगेवाडी."

"साहेब," मामा मागून हळूच म्हणाले, "मेट्रोच्या पाटीवर फुगेवाडीला पी आहे." मामांचं इंग्रजी पाट्यांपुरतं आहे, पण पक्कं आहे.

मी एफ मागे घेतला, पी दिला, मग कागद बघून पी मागे घेतला. त्या गडबडीत डब्ल्यूसाठी वाकड आणि व्हीसाठी वल्लभनगर दिलं, त्याला दोन्ही सारखीच ऐकू आली. एनला निगडी, टीला थेरगाव असं करत गाडी क्यूपाशी येऊन थांबली. क्यूने सुरू होणारं एकही गाव आपल्याकडे नाही, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "क्यू फॉर नाशिक फाटा."

"सर, नाशिक फाटा में क्यू कहाँ है?"

"शाम को छह के बाद. हमेशा."

सगळं झाल्यावर त्याने ते पहिल्यापासून वाचून दाखवलं, मी दुरुस्त्या सांगितल्या, त्याने पुन्हा वाचलं. बाहेर हॉर्न आता थांबत नव्हता. मग त्याने अतिशय नम्रपणे सांगितलं, की सर, एक फोटो काढून पाठवला असतात तरी चाललं असतं.

उलटा कोड आला, मी तो घातला, सॉफ्टवेअर म्हणालं हे यंत्र ते नव्हेच. हे माझ्याही आवाक्यात आलं. यंत्राची ओळख ते त्याच्या नेटवर्क कार्डावरून पटवत होतं, आणि कोड काढताना वायरीला लावलेला माझा मोबाइल त्याने कार्ड म्हणून धरला होता. बोलायला मी तो काढला आणि संगणकाने आपली ओळखच बदलली. मोबाइल पुन्हा जोडला. ओळख पटली. आणि नवी चौकट आली, की हे लायसन्स अजून सुरू झालेलं नाही. सकाळी संपलं होतं, दुपारी सुरूच झालेलं नव्हतं. मधल्या काळात ते नक्की कधी होतं, हे विचारायला माझ्यात त्राण नव्हतं.

मी कपाळाला हात लावून बसलो. मामा शेजारी बसून मोबाइलवर कुणालातरी गुलाबाच्या फुलाचा शुभ शुक्रवार पाठवत होते. त्या व्हॉट्सअ‍ॅपच्या पोटातसुद्धा डेटाबेस असतो, एसक्यूलाइट म्हणतात त्याला, 2000 साली आला, त्याच्यावर कुणाचाच मालकी हक्क नाही आणि लायसन्सही नाही. मामा दिवसभर तो चालवतात. त्यांना कधी कुणी कोअर विचारलेले नाहीत.

गुलाब पोचता करून मामा उठले, माझा आदेशाचा कागद अलगद बाजूला केला, माउस हातात घेतला आणि रोजच्यासारखं स्टिकरच्या चित्रावर दोनदा टिचकवलं. प्रिंटर खरखरला. स्टिकर बाहेर आलं. दुसरं आलं. तिसरं आलं. डेटाबेसला माझ्या आदेशाची आणि मॅनेजरच्या लायसन्सची कसलीच गरज नव्हती. तो सकाळपासून जागा होता, त्याला कुणी काम सांगितलं नव्हतं इतकंच.

"साहेब, येतंय की," मामा म्हणाले, आणि मग स्टिकर डोळ्यांपासून लांब धरून, "पण यावर तारीख 1 जानेवारी 2012 पडलीय."

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"साहेब, सकाळी ते काय लिहून आलं होतं, ते सगळं वाचा ना जरा."

मी मॅनेजर पुन्हा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा चौकट शेवटपर्यंत, मोठ्याने, मराठीत अर्थ सांगत वाचली. लायसन्स अवैध, कारण संगणकाच्या घड्याळात फेरफार आढळला आहे. तारीख आणि वेळ दुरुस्त करा आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडा. बास. चाचणीची मुदत वाढवायला लोक तारीख चोरून दोन-चार दिवस मागे नेतात, म्हणून ही सॉफ्टवेअरं घड्याळावर नजर ठेवून असतात. मी एका रात्रीत एक तपापेक्षा जास्त मागे गेलो होतो. एवढा धाडसी चोर त्यांनीही पाहिला नसेल. आणि 2012 मध्ये बसलेल्या संगणकाला आजच्या इंटरनेटची प्रमाणपत्रं भविष्यातली वाटणार, म्हणून सुरक्षित जोडणीही नाही. संगणक मी उगाचच खिडकीशी नेला होता.

मामांनी संगणकाचं झाकण काढलं. आत धूळ, पंख्याजवळ मी खंडेनवमीला वाहिलेल्या झेंडूच्या वाळक्या पाकळ्या, आणि बोर्डावर रुपयाएवढा एक चकचकीत सेल. हा सेल मेन स्विच बंद असताना संगणकाचं घड्याळ चालू ठेवतो. रोज रात्री संगणक बंद केला तरी भिंतीतली वीज चालू असते, तेवढ्यावर घड्याळ तग धरतं. गुरुवारी तीही जाते, आणि नेमका या गुरुवारी सेल मेला. मामांनी त्यावरचं नाव वाचलं, सीआर 2032, आणि सवयीने खिशातून व्हर्निअर काढून त्याला लावला. व्यास 20 मिलिमीटर. जाडी 3.2. "नावातच ड्रॉइंग दिलंय," मामा कौतुकाने म्हणाले. "टॉलरन्समध्ये आहे."

नवा सेल आणायचा तर लांडेवाडीपर्यंत जाऊन यायला हवं, आणि ड्रायव्हर आता हॉर्न सोडून तोंडाने बोलत होता. तेवढ्यात मामांची नजर माझ्या टेबलावर गेली. "गाडीच्या रिमोटमध्ये हाच असतो," ते म्हणाले. "पुतण्याच्या गाडीत बघितलाय." मालक संध्याकाळशिवाय येणार नव्हते. तोवर नवा आणून घालू, असं ठरलं. ठरलं म्हणजे मामा बोलले आणि मी मान डोलावली.

मालकांच्या रिमोटचा सेल संगणकात बसला, तारीख लावली, मॅनेजर उघडला. जुनं लायसन्स ठणठणीत होतं. पुढच्या दिवाळीपर्यंतचं होतं. आता आमच्याकडे वापरणारा एक आणि लायसन्सं दोन आहेत. पण स्टिकरं आजच्या तारखेची निघाली, बिनांना चिकटली, छोटा हत्ती चाकणला सुटला, आणि एक संकट निभावल्याच्या समाधानात मी चहा मागवला, मग दुसरा मागवला, आणि लांडेवाडी साफ विसरलो.

मालक तासाभरातच आले. मीटिंग चांगली झाली होती. "आयटी, शाब्बास," असं म्हणून त्यांनी चावी उचलली आणि घाईत बाहेर पडले. गाडीने दार उघडलं नाही. त्यांनी बटण दाबलं, जोरात दाबलं, गाडीच्या काचेला टेकवून दाबलं. मामांनी पुढे होऊन रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी काढून दिली, त्याने दार उघडलं आणि गाडी अशी बोंबलायला लागली, की सगळ्या शेडमधून माणसं बाहेर आली. आत पडद्यावर लाल अक्षरं आली होती.

"ही म्हणतेय, चावी सापडत नाही!" मालक ओरडले. "अहो, गाडी माझ्या नावावर, हप्ते मी भरतोय, चावी माझ्या हातात! मग आता हिला पुरावा काय द्यायचा मी?"

मामा एव्हाना कुठेतरी स्टॉक मोजायला निघून गेले होते. मी पुढे झालो, पडद्यावरचा मजकूर या खेपेला शेवटपर्यंत वाचला, आणि अनुभवी माणसाच्या गांभीर्याने म्हणालो,

"शेठ, असं आधी काही आलं होतं का, आणि तुम्ही ओके दाबलं होतं का?"